बर्फातली वाट, लेकरांच्या चालीनं



आज बोलायचंय बर्फात घालायच्या जोड्यांबद्दल, आणि ते घालून लहान लेकरांना फिरायला नेण्याबद्दल. आपल्याकडे गारा पडल्या तरी आठवडाभर चर्चा चालते, मग हे बर्फाचं कशाला काढलं, असं वाटेल. पण आमच्या गटातल्या एका मावशींची लेक कॅनडात, ओटावा शहरात राहते. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची. तिथं जानेवारीत भरदुपारीही पारा बहुतेक वेळा शून्याखालीच असतो आणि साडेचार-पाचला अंधार पडायला लागतो. पहिला अख्खा हिवाळा ती दोन लेकरं घेऊन घरात बसून राहिली. आईचा फोन आला की नुसती रडायची. मावशी बैठकीत सांगायच्या आणि आम्हाला काय बोलावं सुचायचं नाही.

यंदा तिथल्या शेजारणीनं तिला सांगितलं, स्नोशू भाड्यानं आणा आणि पोरांना जंगलात न्या. जानेवारीतल्या एका शनिवारी चौघं गेली. आमची बैठक रविवारी सकाळी, तेव्हा तिच्याकडे शनिवारची रात्र. व्हिडिओ कॉलवर तिनं सगळं सांगितलं.

भुसभुशीत बर्फात साधा बूट घातलेला पाय गुडघ्यापर्यंत जातो, आपला भातलावणीच्या चिखलात रुततो तसा. रुतलेल्या चाकाखाली आपण फळी सारतो ना, स्नोशूचं काम तेच. बुटाखाली रुंद चौकट बांधली की अंगाचं वजन पसरतं आणि पाय वरच राहतो. हल्ली ही चौकट ॲल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची असते, घसरू नये म्हणून खाली दाते असतात. टाच मोकळी असते, म्हणून चालता येतं. मुळात हे तिथल्या आदिवासींचं ज्ञान. लाकूड वाकवून चौकट करायची आणि कच्च्या कातड्याच्या वाद्यांनी जाळी विणायची. शिकारीला आणि दूरच्या प्रवासाला ते यावरूनच जायचे. तिनं जुन्या जोडीचा फोटो दाखवला, तर आमच्यातली एक म्हणाली, "ही तर बाज विणलीय!"

ती गेली ते गॅटिनो पार्क नदीपलीकडे, क्यूबेक प्रांतात आहे. हिवाळ्यात तिथल्या खुणा केलेल्या वाटांवर तिकीट काढून जायचं. वाटेत लाकडाची शेगडी असलेल्या खोल्या आहेत, तिथं बसून डबा खाता येतो.

आमच्या गटातल्या आजींनी पहिलाच प्रश्न टाकला, "अगं, एवढ्या गारठ्यात लेकरं बाहेर काढतं का कुणी?"

"आजी, गारठ्यापेक्षा ओलीची भीती जास्त," ती म्हणाली. सुती कपडा घामानं ओला झाला की ओलाच राहतो आणि अंगातली ऊब ओढून घेतो. म्हणून आत लोकरीचा थर, वर वारं आणि पाणी अडवणारा कोट. हातमोजे पाच बोटांचे नकोत, पिशवीसारखे हवेत. बोटं जवळ राहिली की एकमेकांना ऊब देतात.

मुलगा छोटे स्नोशू घालून चालत होता. धाकटीला घसरगाडीत बसवून बाप ओढत होता. इथं खरी मेख आहे. ओढणाऱ्याला घाम येतो, पण बसलेलं लेकरू हलत नाही, ते गार पडत जातं. बापाला उकडतंय म्हणून लेकीलाही ऊब असेल, असं धरून चालायचं नाही. ही दर थोड्या वेळानं थांबून तिच्या मानेखाली हात घालून बघायची, मग पाय, मग गाल. गार पडलेलं लेकरू कुडकुडतं. पण खेळतं लेकरू एकदम गप्प झालं, पेंगायला किंवा अडखळायला लागलं, तर जास्त घाबरायचं. कातडी पांढरी पडून बधिर झाली तर चोळायची नाही, विस्तवाजवळ धरायची नाही, कारण बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. आपल्या काखेत, पोटाशी धरायची.

अर्ध्या वाटेत मुलगा बर्फात पालथा पडला. हातमोजे ओले. दुसरे काढून घातले, थोड्या वेळानं तेही ओले. गाडी दहा मिनिटं मागं आणि शेगडीची खोली अजून अर्धा तास पुढं. नवरा म्हणाला, "तिकीट काढलंय, शेगडीपर्यंत तरी जाऊ." ती म्हणाली, "नाही, परत." निघण्याआधीच ठरलं होतं, कोरडे हातमोजे संपले की मागं फिरायचं. फिरले.

यावर आमच्या बैठकीत चांगलीच जुंपली. पोरांना सजवायलाच तास गेला, चालणं जेमतेम तासभर, मग मिळालं काय, असं काहींचं म्हणणं. एक हळूच म्हणाली, "आमच्याकडं हे फिरले नसते मागं." आम्हाला विचाराल, तर पैसे भरलेले असताना तिला 'परत' म्हणता आलं आणि त्यानं ते ऐकलं, हे त्या जोड्यांपेक्षा मोठं वाटलं. बाकी डबा, थर्मासमधलं दूध, डिंकाचे लाडू, जादा मोजे सगळं तिनंच भरलं होतं, नवऱ्यानं घसरगाडी तेवढी डिकीत टाकली. कॅनडात गेलं तरी हे काही सुटलेलं नाही!

मुलगा गाडीत बसल्या बसल्या झोपला. उठल्यावर विचारलं, "उद्या परत जायचं?" तेव्हापासून ते जवळजवळ दर शनिवारी जातात. एकदा शेगडीपर्यंतही पोचले. मावशींनी लोकर आणलीय, पिशवीसारखे हातमोजे विणायला घेतलेत. दोन जोड पुरायचे नाहीत म्हणून सहा करणार आहेत.