अर्ध्या गुणाची आडवी रेघ



संयोजकांनी बजावलंय, "पाच मिनिटं बोल, पण कॉम्प्युटरवर नको." म्हणून बाईंच्या इंग्रजी व्याकरणाच्या तासाबद्दल बोलते. बाई पहिल्या रांगेत आहेत, चुकले तर इथेच दुरुस्त होईल.

आपण मराठी माध्यमाची मुलं, इंग्रजीशी गाठ पडली ती पाचवीत. आठवीच्या सहामाहीत मी 'अ टेन-इयर्स-ओल्ड बॉय' लिहिलं आणि बाईंनी अर्धा गुण कापला. मी वही घेऊन भांडायला गेले. वर्षं दहा, मग अनेकवचन का नको? बाई म्हणाल्या, "चाकं चार असतात, पण तू चारचाके गाडी म्हणतेस का? चारचाकीच म्हणतेस ना?" दुमजली घर, बारमाही नदी, सगळं तसंच. आकडा आणि नाम मिळून एक विशेषण झालं की आतलं नाम एकवचनीच राहतं. आपण ते शब्द जोडून लिहितो, इंग्रजी मध्ये आडवी रेघ घालते, संयोगचिन्ह. तेही विशेषण नामाच्या आधी आलं तर. 'द बॉय इज टेन इयर्स ओल्ड' म्हटलं की 'एस' परत येतो आणि रेघा जातात.

एकवचनाचं मला पटलं. रेघेचं मात्र कधी मनावर घेतलं नाही.

नोकरीत काही वर्षं झाल्यावर एका परदेशी ग्राहकाचा डेटा जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत हलवायचा होता. मी ईमेलमध्ये मागितलं, 'ट्वेन्टी फोर अवर स्लॉट्स'. एकही रेघ नाही. मला हवे होते चोवीस तासांचे स्लॉट. तिकडे वाचलं गेलं 'ट्वेन्टी, फोर-अवर', म्हणजे चार तासांचे वीस. शनिवारी रात्री काम सुरू केलं आणि बरोबर चार तासांनी सर्व्हर बंद. डेटा अर्धा इकडे, अर्धा तिकडे. पहाटेपर्यंत आमच्या सहा जणांनी सगळं पूर्ववत केलं. सोमवारी ग्राहकाची चूक म्हणून सगळे चिडले होते. मी माझी ईमेल पुन्हा वाचली आणि हात वर केला. फार अवघड गेलं ते.

मराठीत हा घोळ झालाच नसता. चोवीस हा आपल्याकडे एकच शब्द, नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याला स्वतःचं नाव. शिवाय 'तासांचे' मधला प्रत्यय कोण कुणाचं ते सांगून टाकतो. इंग्रजी शब्दांना असे विभक्तीचे प्रत्यय लागत नाहीत, ते नुसते ओळीत उभे राहतात. कुणाचा हात कुणाच्या हातात आहे, ते त्या रेघेवरूनच कळतं. 'ट्वेन्टी-फोर-अवर' असं दोन रेघांनी लिहिलं असतं तर सहा जणांचा रविवार वाचला असता.

आता मी टीममधल्या पोरांचे कागद तपासते आणि रेघा घालते. काही उत्साही पोरं 'हायली पेड' मध्येही रेघ घालतात. तिथे ती नको, 'एल वाय' ने संपणारं क्रियाविशेषण पुढच्या विशेषणाला स्वतःच धरून असतं. ती पोरं खरंच हायली पेड आहेत, त्यामुळे समजवायला जरा वेळ लागतो.

बाई, आठवीतलं ते भांडण मी आज मागे घेते. त्या अर्ध्या गुणामुळे माझा दुसरा नंबर गेला होता, आणि तो ज्याला मिळाला तो आत्ता मागच्या बाकावर बसून हसतोय.