आंकड्यांत दिलेलें वचन

आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, तो ऐकून आपणांपैकीं कित्येकांना वाटेल कीं, या निवृत्त शाळामास्तराचा त्याच्याशीं काय संबंध? विषय आहे सॉफ्टवेअरला दिले जाणारे आवृत्तीचे आंकडे, आणि जुन्या-नव्याचा मेळ राखण्याचें धोरण. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. संगणक माझ्या आयुष्यांत उशिरा आला. परंतु या मेळाच्या अभावीं माझें एक नुकसान झालें, आणि त्यांतूनच मला त्याचें महत्त्व कळलें. म्हणून तो अनुभव प्रथम सांगतों.

आमच्या शाळेला पन्नास वर्षें पुरीं झालीं, तेव्हां शाळेचा वृत्तान्त लिहिण्याचें काम माझ्याकडे आलें. जुने शिक्षक, पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, शाळेला जमीन देणारे वृद्ध शेतकरी यांच्या घरीं जाऊन मीं आठवणी लिहून घेतल्या, आणि एका अक्षरजुळणीच्या दुकानांत तीं दीडशें पानें संगणकावर उतरवून घेतलीं. पैशांच्या अभावीं पुस्तक निघालें नाहीं. दहा-बारा वर्षांनीं पैसे जमले, तेव्हां जपून ठेवलेली सीडी नव्या संगणकांत घातली. फाईल उघडली; पण पानावर मराठीचें एकही अक्षर नव्हतें! रोमन अक्षरें, कंस आणि टक्क्यांच्या खुणा यांचा नुसता कचरा पडला होता. दुकान केव्हांच बंद झालें होतें, हस्तलिखित वाळवीनें खाल्लें होतें, आणि ज्यांच्या त्या आठवणी, त्यांतील बहुतेक जण आतां हयात नव्हते.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यास सॉफ्टवेअरचें काम करतो. त्यानें तीं पानें पाहिलीं आणि म्हणाला, "गुरुजी, मजकूर हरवलेला नाहीं, किल्ली हरवली आहे." त्या काळच्या पुष्कळ मराठी फॉन्टांत रोमन अक्षरांच्याच क्रमांकांना देवनागरीचे आकार चढविलेले असत. संगणकाच्या लेखीं तें रोमनच असे. डोळ्यांना मात्र मराठी दिसे. शिवाय प्रत्येक फॉन्टाची मांडणी निराळी. तो विशिष्ट फॉन्ट नसला, कीं वरचा पोशाख गळून पडावयाचा. माझ्या विद्यार्थ्यानें ती मांडणी शोधून तक्ता तयार केला आणि दोन महिने खपून बहुतेक मजकूर परत मिळविला. जोडाक्षरें असलेलीं कांहीं नांवें मात्र कायमचीं संशयित राहिलीं.

याच निमित्तानें त्यानें मला 'लायब्ररी' म्हणजे काय तें समजावून दिलें. तारखा मांडणें, अक्षरें जुळविणें, हिशेब करणें अशीं नित्याचीं कामें एकानें नीट करून ठेवावयाचीं आणि इतरांनीं आपल्या कार्यक्रमांत तीं तयार घेऊन वापरावयाचीं. अशा तयार कामांच्या संग्रहास लायब्ररी म्हणतात. एका लायब्ररीवर हजारों कार्यक्रम उभे असतात. आतां समजा, तारीख मांडणाऱ्या लायब्ररीच्या कर्त्यानें एके दिवशीं ठरविलें कीं, यापुढें महिना आधीं आणि दिवस नंतर. त्याच्या दृष्टीनें ही सुधारणा. परंतु तिच्यावर विसंबलेल्या कार्यक्रमांत ५ जूनचा ६ मे होऊन बसेल, आणि त्याची वर्दीही कोणास मिळणार नाहीं.

हा घोटाळा टाळण्यासाठीं आवृत्तीच्या आंकड्यांची एक शिस्त रूढ झाली आहे. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनीं तिचे नियम लिहून काढले. त्या नियमांची २.०.० ही आवृत्ति २०१३ मध्यें प्रसिद्ध झाली. आंकड्याचे भाग तीन. नुसती चूक दुरुस्त केली, तर तिसरा भाग एकानें वाढवावयाचा. जुन्यास धक्का न लावतां नवी सोय घातली, तर मधला वाढवावयाचा. आणि जुनें मोडेल असा बदल केला, तर पहिला भाग वाढवावयाचा. एकदां प्रसिद्ध केलेल्या आवृत्तींत गुपचूप फेरफार करावयाचा नाहीं. चूक निघाल्यास नवा आंकडा देऊन नवी आवृत्ति काढावयाची. आरंभींचा भाग शून्य असेल, तर तो कच्चा खर्डा समजावा; त्यांत कधींही कांहींही बदलेल.

येथें गणिताच्या शिक्षकास ठेंच लागते. १.९ आणि १.१० यांत मोठा कोणता? वर्गांत एखाद्यानें १.१० असें उत्तर दिलें असतें, तर मीं त्यास बाकावर उभें केलें असतें. पण हे दशांश अपूर्णांक नव्हेत. पुस्तकांतील प्रकरणांप्रमाणें हे क्रम आहेत. पहिल्या प्रकरणाच्या नवव्या परिच्छेदानंतर दहावाच येणार. मीं हें कबूल केलें, पण थोडा वेळ लागला!

मेळ नसला म्हणजे काय होतें, हें आम्हां यवतमाळकरांना कोणीं सांगावयास नको. आमची शकुंतला रेल्वे अडीच फुटांच्या नॅरोगेजवर यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत जात असे. तेथून पुढचा रूळ साडेपांच फुटांचा ब्रॉडगेज. गाडी चांगली, मोठा मार्गही चांगला. परंतु एकाचा डबा दुसऱ्यावर चालेना. प्रवाशांना उतरून गाडी बदलावी लागे, आणि माल एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत भरावा लागे. मूर्तिजापूरच्या त्या फलाटावर जो खर्च आणि जो वेळ जात असे, तीच मेळ मोडल्याची किंमत. मोडणारा ती क्वचितच भरतो. भरतात ते दुसरे.

मग कधीं कांहीं बदलूंच नये काय? तसें नव्हे. १ एप्रिल १९५७ रोजीं आपल्या देशानें नाणीं बदललीं. सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नये पैसे झाले. हा पहिला आंकडा बदलण्याजोगा फेरफार होता, कारण एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात आणि तसें नाणें पाडतां येत नाहीं. परंतु रुपयास हात लावला नाहीं, त्यामुळें रुपयांतील करार जसेच्या तसे राहिले. चार आण्यांचे पंचवीस आणि आठ आण्यांचे पन्नास पैसे बरोबर बसले. जुनीं नाणीं कांहीं वर्षें नव्यांबरोबर चालूं दिलीं, आणि लोक रुळल्यावर १ जून १९६४ पासून 'नया' हा शब्द गळला. आधीं सूचना, मग दोहोंची सोबत, आणि शेवटीं जुन्याचा निरोप. सॉफ्टवेअरच्या जगांतही सभ्य रीत हीच समजतात.

आतां माझ्या पानांकडे वळतों. आज आपण मराठी ज्या सांकेतिक व्यवस्थेनें टंकितों, तिचें नांव युनिकोड. तिची पहिली आवृत्ति १९९१ मध्यें निघाली, आणि तिच्यांतील देवनागरीची मांडणी इस्की या भारतीय संकेतावर बेतलेली आहे. १९९६ सालच्या २.० या आवृत्तींत कोरियन अक्षरें जुन्या जागेवरून उठवून नव्या जागीं नेलीं. जुन्या क्रमांकांत लिहिलेला कोरियन मजकूर त्यामुळें निरर्थक ठरला. त्या फजितीनंतर नियम झाला कीं, एकदां दिलेला क्रमांक हलवावयाचा नाहीं आणि काढूनही घ्यावयाचा नाहीं. भर मात्र घालतां येते. मराठीचा 'ॲ' हा स्वतंत्र वर्ण २००८ मध्यें, ५.१ या आवृत्तींत, अशीच भर म्हणून आला. पूर्वींच्या एकाही अक्षरास त्यासाठीं जागा सोडावी लागली नाहीं.

या वचनाची किंमतही आपण मोजतों. 'दुसऱ्या' किंवा 'वाऱ्यावर' या शब्दांतील आडवा र घ्या. तो टंकण्याची एक रीत २.० आवृत्तीच्या काळांतील. दुसरी, जी आज मुख्य मानली जाते, ती वेगळ्या 'ऱ' या वर्णावरून होते. जुना मजकूर बिघडूं नये म्हणून जुनी रीतही ग्राह्य ठेविली आहे. परिणाम असा कीं, डोळ्यांना एकच दिसणारा शब्द आंतून दोन प्रकारचा असूं शकतो, आणि एका रीतीनें शोधल्यास दुसऱ्या रीतीनें लिहिलेला सांपडत नाहीं. शोध करणाऱ्या कार्यक्रमासच दोन्ही एक आहेत हें शिकवावें लागतें. ही अडचण खरी आहे. तरीही माझा कौल वचन पाळण्याच्याच बाजूनें आहे. दोनदां शोधण्याचा त्रास सोसतां येतो; पण मेलेल्या माणसाची आठवण दुसऱ्यांदा विचारून घेतां येत नाहीं.

मराठीच्या लेखनाचे नियम १९६२ मध्यें बदलले, आणि न उच्चारले जाणारे पुष्कळसे अनुस्वार गेले. माझ्या आजोबांचीं पत्रें त्या जुन्या अनुस्वारांनीं भरलेलीं आहेत; मी स्वतः हट्टानें त्याच वळणानें लिहितों. नातवंडें हसतात, परंतु पत्रें वाचतात. चांगला बदल तो असा; मागच्या पिढीचें लिखाण पुढच्या पिढीस बंद करीत नाहीं.

श्रोतेहो, आपण सारेच कोणासाठीं ना कोणासाठीं लायब्ररी असतों. शाळेचें वेळापत्रक, घरची रीत, गांवाची नोंदवही यांवर इतर लोक आपलें काम उभें करितात. बदल अवश्य करावा. पण तो किती मोठा आहे हें आधीं खरेपणानें सांगावें, आणि जुन्यावर विसंबलेल्यांस सावरण्यास अवधि द्यावा. आवृत्तीचा आंकडा म्हणजे एवढेंच एक वचन होय. आमच्या शाळेचा वृत्तान्त आतां युनिकोडमध्यें आहे. त्यांतील संशयित नांवांपुढें मीं प्रश्नचिन्हें ठेविलीं आहेत, आणि गांवांतील वडीलधाऱ्यांना तीं एकेक करून दाखवीत आहें.