आकाशातलं गायरान

मी सोलापुरात सात रस्त्याला राहतो. तिथली शाळकरी मुलं विचारतात, ‘लघुग्रहावर वस्ती करून लोखंड आणता येईल का हो?’ मंगळ-गुरूच्या मधल्या ‘सायकी’ या लघुग्रहात लोखंड-निकेल भरपूर असावं, असा अंदाज आहे. ‘नासा’चं यान ऑक्टोबर २०२३ मध्ये तिकडे निघालं. ते २०२९ मध्ये पोहोचायचं आहे.

पण आधी हिशेब ऐका. बेन्नू या लघुग्रहावरून सात वर्षं खपून, शंभर कोटी डॉलरहून जास्त खर्चून २०२३ मध्ये माल आला तो १२१.६ ग्रॅम, म्हणजे अदपावालाही कमी! तसे दगड २०१२ मध्ये आपल्या काटोलला फुकट पडले होते.

तरी उद्या हे स्वस्त होईल. मग मालक कोण? १९६७ चा करार म्हणतो, आकाशातल्या गोलांवर कोणत्याही देशाची मालकी नाही. भारतही त्यात आहे. अमेरिकेचा २०१५ चा कायदा मात्र खणलेला माल खणणाऱ्याचा मानतो. म्हणजे गायरान सगळ्यांचं, पण गवत कापेल त्याचं! विळा कोणाच्या हाती असतो, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. म्हणून मुलांना मी सांगतो, रॉकेट शिका, पण कायदाही शिका.