रक्ताच्या रिपोर्टातलं एक गुणोत्तर

पाळी कायमची थांबल्यावर अंगावरून पुन्हा लाल जायला लागलं की बाई घाबरते आणि दवाखाना गाठते. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर पुष्कळदा पहिल्याच टप्प्यात हाती लागतो, त्याचं मोठं कारण हे. अशा वेळी गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेआधी रक्ताची साधी तपासणी होते, जिला आपण सगळे सीबीसी म्हणतो. तिच्यात पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगवेगळे मोजलेले असतात. न्यूट्रोफिलच्या संख्येला लिम्फोसाइटच्या संख्येनं भागायचं, एवढंच गणित. न्यूट्रोफिल सहा हजार आणि लिम्फोसाइट दोन हजार असतील, तर उत्तर तीन. हा आकडा जितका मोठा, तितकी आजार उलटण्याची भीती जास्त, असं सांगणारे शोधनिबंध गेल्या काही वर्षांत बरेच आले. या आकड्यात तथ्य आहे असं मला वाटतं. पण एकेका बाईचे उपचार त्याच्यावरून ठरवावेत, इतकं ते नाही.

तथ्य कुठलं, ते आधी पाहू. जर्मन रोगनिदानतज्ज्ञ रुडॉल्फ फिरशॉ यांनी 1863 मध्येच गाठींमध्ये पांढऱ्या पेशी पाहिल्या आणि दाह व कॅन्सर यांचं नातं सुचवलं. 1986 मध्ये अमेरिकेतल्या हॅरल्ड ड्व्होरॅक यांनी गाठीला कधीच न भरणारी जखम म्हटलं. जखमेच्या जागी शरीर नव्या रक्तवाहिन्या घालतं, वाढीला चालना देणारी द्रव्यं पाठवतं. गाठ तीच व्यवस्था आपल्या पोषणासाठी वापरून घेते. न्यूट्रोफिल या दाहाचे वाहक, तर लिम्फोसाइटमधल्या काही पेशी कॅन्सरच्या पेशी ओळखून मारणाऱ्या. म्हणून पहिल्या वाढल्या आणि दुसऱ्या घटल्या तर लक्षण बरं नाही, हा तर्क पटण्यासारखा आहे. 2014 मध्ये वेगवेगळ्या अवयवांच्या कॅन्सरवरचे शंभर अभ्यास, म्हणजे चाळीस हजारांवर रुग्ण, एकत्र तपासले गेले. गुणोत्तर जास्त असलेल्यांत मृत्यूचा धोका सुमारे 1.8 पट आढळला. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरवरच्या अनेक अभ्यासांचा कलही त्याच बाजूला आहे.

अडचण पुढे येते. हा आकडा फक्त गाठीमुळे हलत नाही. लघवीचा संसर्ग, दुखरा दात, दम्यासाठी घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, मधुमेह, लठ्ठपणा, कशानंही तो वर जातो. त्यातला लठ्ठपणा तर या आजाराच्या मुळाशीच आहे: पाळी गेल्यावर चरबीतच इस्ट्रोजेन तयार होत राहतं, आणि ते अस्तराला वाढायला लावतं. तेव्हा वाढलेलं गुणोत्तर गाठीचा स्वभाव सांगतं की त्या बाईचं वजन आणि साखर? प्लेटलेटना लिम्फोसाइटनं भागून काढलेल्या दुसऱ्या गुणोत्तराची गत आणखी अवघड. रक्त जाऊन लोह कमी झालं की प्लेटलेट वाढतात, आणि या आजाराचं मुख्य लक्षण रक्त जाणं हेच. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. हा कॅन्सर बहुतेक त्या वयानंतर होतो हे खरं. पण पन्नाशी ओलांडली म्हणून लोह आपोआप भरून येत नाही.

आता गणित. समजा, लवकर सापडलेल्या शंभर जणींपैकी आठ जणींचा आजार पुढे उलटणार आहे, तीस जणींचं गुणोत्तर जास्त आहे आणि त्यांचा धोका इतरांच्या दुप्पट आहे. हे आकडे मी उदाहरणापुरते घेतलेत. हिशेब केला तर त्या तीस जणींत साधारण चौघींचा आजार उलटेल आणि उरलेल्या सत्तर जणींतही चौघींचाच. म्हणजे तिसांतल्या सव्वीस जणींना उगाच धास्ती आणि ज्यांचा आजार खरंच उलटणार आहे त्यांतल्या निम्म्या जणींना खोटा दिलासा. दुप्पट हा शब्द ऐकायला मोठा वाटतो, पण मूळ धोका लहान असला की तो फार दूर नेत नाही. शिवाय जास्त म्हणजे किती, यावर एकमत नाही. कुणी दोनच्या आसपास रेघ ओढतं, कुणी चारवर. आणि पुष्कळदा ती हाती आलेल्या आकड्यांत फरक सगळ्यांत ठळक दिसेल तिथे ओढलेली असते. अशी मागाहून ओढलेली रेघ फसवते, हे संख्याशास्त्रज्ञ डग्लस ऑल्टमन आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्येच दाखवून दिलं होतं.

यावर कुणी म्हणेल, तपासणी तर झालेलीच असते, वेगळा पैसाही लागत नाही, मग वापरायला काय हरकत? तपासणी स्वस्त आहे, पण तिच्या आधारे दिलेलं रेडिएशन किंवा केमो स्वस्त नाही, आणि त्यांचे त्रास बाईनं सोसायचे असतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: टप्पा, वय, गाठीची प्रत हे सगळं हिशेबात घेऊनही काही अभ्यासांत गुणोत्तराचा प्रभाव उरतो. उरतो, मान्य. पण हे बरेचसे अभ्यास जुन्या नोंदी चाळून केलेले, आणि त्यांत गाठीचा रेणवीय प्रकार सहसा धरलेला नसतो. 2013 मध्ये या कॅन्सरचे जनुकीय बदलांवरून चार गट पडले. अधिक जोखमीच्या रुग्णांच्या पोर्टेक-3 चाचणीत पाच वर्षं आजार न उलटता राहिलेल्यांचं प्रमाण पोल जनुकात बदल झालेल्या गटात 98 टक्के होतं, तर पी53 जनुक बिघडलेल्या गटात 48. इतका फरक दाखवणारी माहिती हाताशी असताना, तिच्यावर रक्तातल्या भागाकारानं काही नवी भर पडते का, हे रेघ आधी ठरवून आणि रुग्णांचा पुढे पाठपुरावा करूनच कळेल. पोलची जनुकीय तपासणी सगळीकडे परवडत नाही, हेही बरोबर. मात्र पी53 आणि डीएनए दुरुस्त करणारी एमएमआर या प्रथिनांची तपासणी बायॉप्सीच्याच तुकड्यावर रंग चढवून होते. तिचा खर्च सीबीसीपेक्षा जास्त आहे, तरी पदरचा पैसा घालायचाच असेल तर तो तिथे घालावा. आणि सीबीसीत गुणोत्तर वाढलेलं दिसलं, तर शस्त्रक्रियेआधी संसर्ग, साखर आणि लोह तपासून घ्यावं.