एका विशाल मूळ संख्येची कसोटी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात दिलेले भाषण)



एक आणि ती स्वतः यांखेरीज जिला अन्य विभाजक नाही ती मूळ संख्या, हे आपण सर्वजण शाळेत शिकलो. अशा संख्यांना अंत नाही, हे युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध केले. परंतु एखादी प्रचंड संख्या समोर आली, तर ती मूळ आहे की नाही हे ठरवावे कसे?

मेर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६४४ साली एक यादी प्रसिद्ध केली. २ च्या कोणत्या घातांतून १ वजा केला असता मूळ संख्या मिळते, हे २५७ व्या घातापर्यंत तीत सांगितले होते. सिद्धता मात्र दिलेली नव्हती. यादीत १२७ वा घात होता. त्याची संख्या एकोणचाळीस अंकी आहे: १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. साध्या रीतीने भागून पाहू म्हटले, तर सेकंदाला एक भागाकार केला तरी अब्जावधी वर्षे लागतील.

१८७६ साली एदुआर लुकास या फ्रेंच गणितज्ञाने विभाजक न शोधताच निर्णय देणारी कसोटी योजून ही संख्या मूळ ठरविली. १९३० मध्ये लेमर यांनी त्या कसोटीला सुटसुटीत रूप दिले. ४ पासून आरंभ करावा. वर्ग करून २ वजा करावेत, तपासावयाच्या संख्येने भागून शेष घ्यावा आणि त्या शेषावर पुन्हा तीच क्रिया करावी. घातांक ही २ हून मोठी मूळ संख्या असावी. घातांकाहून दोन कमी इतक्या पायऱ्यांअंती शेष शून्य आला तर संख्या मूळ, एरवी नाही. २ चा ५ वा घात उणे १, म्हणजे ३१ घ्या. ४ वरून १४. १४ वरून १९२ नव्हे, तर १९६ उणे २ म्हणजे १९४, शेष ८. ८ वरून ६२, आणि ६२ ला ३१ ने निःशेष भाग जातो.

त्याच वर्षी लुकासने यादीतील ६७ व्या घाताची संख्या मूळ नसल्याचे दाखविले. तिचा एकही विभाजक तेव्हा ठाऊक नव्हता! १९०३ मध्ये अमेरिकेतील कोल यांनी ते दिले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. पुढे यादीतील २५७ हा घातही चुकीचा ठरला, आणि ६१, ८९ व १०७ हे तीन तीत राहून गेलेले आढळले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये २ च्या १३६२७९८४१ व्या घातातून १ वजा करून येणारी, चार कोटींहून अधिक अंकांची मूळ संख्या सापडली. तिची खात्री संगणकांनी याच कसोटीने केली.

मेर्सेनविषयीचा आदर या शोधांनी कमी झाला नाही; त्याच्या यादीमुळेच हा प्रश्न पुढील पिढ्यांसमोर राहिला. वडीलधाऱ्यांचे ज्ञान असे आदराने घ्यावे आणि पडताळूनही पाहावे. आज घरी गेल्यावर मुलांना १२७ ही संख्या द्या. ती २ चा ७ वा घात उणे १ आहे. पाचव्या पायरीला शेष शून्य येतो, हे त्यांना माझ्या शब्दावर न मानता स्वतः करून पाहू द्या.