मनाचा आजार आणि विम्याची फाईल

(सुवर्णमहोत्सवानिमित्त ट्रस्टने आयोजित केलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



चार दशके खामगावच्या पेठेत कापड मोजण्यात घालविलेल्या माणसास व्याख्यानाचा सराव कोठून असणार? मी बी. कॉम. आहे आणि समाजातील अनेकांचे विम्याचे अर्ज माझ्या दुकानाच्या गादीवर बसून भरले जातात, एवढ्याच आधारावर संयोजकांनी मला ‘आरोग्य विमा’ हा विषय दिला. परंतु हृदयविकार किंवा मोतीबिंदूच्या क्लेमविषयी सांगणारे पुष्कळ आहेत. मी मनाच्या आजाराविषयी आणि त्यासाठी लागणाऱ्या समुपदेशनाच्या खर्चाविषयी बोलणार आहे. माझ्या धाकट्या बंधूच्या संमतीने बोलत आहे. किंबहुना त्याच्याच आग्रहावरून.

२०२० च्या टाळेबंदीत चैत्र-वैशाखाची लग्नसराई बुडाली. साड्यांचे गठ्ठे जसेच्या तसे पडून राहिले, सुरतेच्या व्यापाऱ्यांची देणी मात्र थांबली नाहीत. धंदा पुढे सावरला, पण बंधू सावरला नाही. गल्ल्यावर नोटा मोजताना चुकू लागला, रात्र रात्र जागू लागला, जेवणावरची वासना उडाली. आम्ही तीन वर्षे त्यास टॉनिक पाजीत राहिलो. अखेर २०२३ मध्ये अकोल्याच्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी अकरा दिवस रुग्णालयात ठेवून घेतले. निदान झाले, तीव्र नैराश्य. घरी सोडताना त्यांनी सांगितले की औषधाबरोबरच आठवड्यातून एकदा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे बसणे आवश्यक आहे. अशी बारा सत्रे झाली, प्रत्येकी ८०० रुपयांची.

बंधूची पॉलिसी सात वर्षे अखंड चालू होती. रुग्णालय कंपनीच्या यादीत नसल्यामुळे आधी पैसे भरून नंतर मागावयाचे होते. येथे माझ्या हातून जे घडले, ते सांगताना आजही संकोच वाटतो. क्लेमच्या अर्जात ‘आजाराचे नाव’ या रकान्यात मी स्वहस्ते ‘अशक्तपणा व निद्रानाश’ असे लिहिले. एजंट आपल्याच गावचा, आणि पुतणीच्या सोयरिकीची बोलणी चाललेली. ‘त्यांच्या घरात वेड आहे’ असे एका तोंडून दुसऱ्या तोंडी जाण्यास कितीसा वेळ लागतो, हे आपण सर्व जाणता. मी जाणतो, कारण पूर्वी इतरांच्या बाबतीत अशी वाक्ये मीही बोललो आहे.

डॉक्टरांच्या डिस्चार्ज कार्डावर मात्र खरे निदान होते. दोन कागद दोन गोष्टी सांगू लागल्यावर व्हायचे तेच झाले. दीड महिन्याने क्लेम नामंजूर झाल्याचे पत्र आले. कारणे दोन होती. एक, अर्जात खोटी माहिती. दुसरे, मानसिक विकार पॉलिसीत समाविष्ट नाहीत. पहिले कारण योग्य होते, तो दोष माझा. दुसरे मात्र कायद्यास धरून नव्हते.

मी ते पत्र तिजोरीत टाकून विषय संपविणार होतो. बंधूने विचारले, “दादा, माझा पाय मोडला असता तर तुम्ही हे पैसे सोडले असते का?” हिशेबाच्या माणसापाशी या प्रश्नास उत्तर नव्हते.

मग मी कायदा वाचावयास घेतला. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम २१ च्या चौथ्या पोटकलमानुसार प्रत्येक विमा कंपनीने शारीरिक आजाराच्या धर्तीवरच मानसिक आजाराच्या उपचारासाठी विम्याची तरतूद केली पाहिजे. ऑगस्ट २०१८ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना तसे कळविले. तरीही जुन्या पुस्तिकांतील वगळण्याच्या यादीत मनोविकार तसेच राहिले होते. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात कंपनीचा नकार रद्द ठरविला. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये प्राधिकरणाने सर्वच पॉलिसींत मानसिक आजार समाविष्ट करण्यास बजावले आणि त्याच महिन्याची ३१ तारीख मुदत म्हणून दिली.

मी दुरुस्त अर्ज भरला. सोबत माझी चूक मान्य करणारे प्रतिज्ञापत्र आणि कलमाचा उल्लेख असलेले पत्र जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठविले. तीस दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. आपल्या जिल्ह्यासाठी ते कार्यालय पुण्यास आहे. तेथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही, मात्र कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावे लागते. तेथे जाण्याची तयारी मी ठेवली होती, पण सव्विसाव्या दिवशी कंपनीने रुग्णालयाचे बिल मान्य केले. ६८,४०० रुपयांतून किरकोळ वजावट होऊन रक्कम बंधूच्या खात्यात जमा झाली.

समुपदेशनाचे काय झाले, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण नेमके येथेच लोक फसतात. बहुतेक पॉलिसी किमान २४ तास रुग्णालयात दाखल होण्यावर आधारलेल्या असतात. नुसते तासभर जाऊन समुपदेशन घेऊन येणे हा बाह्यरुग्ण उपचार समजला जातो आणि ओपीडीचे संरक्षण स्वतंत्रपणे घेतलेले नसेल तर कंपनी तो खर्च देत नाही. कायद्याने समानता दिली ती शारीरिक आजाराइतकीच. साध्या तापासाठी डॉक्टरकडे जाण्याचे पैसे पॉलिसीत नसतील, तर या सत्रांचेही नसतात. हे मला न्याय्य वाटत नाही, कारण मनाच्या आजारात बरेचसे काम रुग्णालयाबाहेरच होते. पण करार तसा आहे.

आम्हास वाट मिळाली ती दुसरीकडून. बंधूच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतर ६० दिवसांपर्यंतचा, त्याच आजाराचा खर्च मान्य होता. बारापैकी आठ सत्रे त्या ६० दिवसांत बसली. त्यातील पहिल्या दोन सत्रांच्या वेळी डॉक्टरांची लेखी शिफारस नव्हती, तोंडी सांगितले होते, म्हणून ती कापली गेली. राहिली सहा. त्यांच्या पावत्यांवर क्रमांक, तारीख, रुग्णाचे नाव आणि मानसशास्त्रज्ञाचा नोंदणी क्रमांक होता. ९,६०० रुपयांपैकी ४,८०० रुपये परत मिळाले. बरोबर निम्मे. डिस्चार्जच्या दिवशीच कागदावर शिफारस लिहून घेतली असती तर आणखी १,६०० मिळाले असते. उधारीची वही चाळीस वर्षे लिहिणाऱ्या माणसाने ही चूक करावी, याचे बंधूस अजून हसू येते.

नवीन पॉलिसी घेणाऱ्यांनी घरातील असा आजार प्रस्ताव-अर्जात लपवू नये. आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षे झाला आहे. लपविलेली गोष्ट मात्र ऐन गरजेच्या वेळी उघडी पडते. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, तेव्हा हप्ता महाग पडतो ही सबबही थोडी लंगडी झाली. ज्यांच्यापाशी पॉलिसी नाही त्यांनीही थांबू नये. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र मराठीत बोलता येते.

पुतणीची सोयरीक झाली. मुलाकडच्यांना बंधूने पहिल्याच बैठकीत स्वतः सर्व सांगितले. मी टेबलाखालून त्याचा पाय दाबीत होतो, तो त्याने बाजूला सारला. मुलाच्या वडिलांनी क्षणभर विचार केला आणि अकोल्याच्या त्या डॉक्टरांचा पत्ता मागितला, त्यांच्या घरातील कोणासाठी तरी.

कंपनीस लिहिलेले पत्र, प्रतिज्ञापत्र आणि पावत्यांचा नमुना यांच्या झेरॉक्स प्रती मी दुकानात ठेवल्या आहेत. दुपारी २ ते ४ गिऱ्हाईक कमी असते, बंधू त्या वेळी गल्ल्यावर बसतो. ज्यांना हव्या असतील त्यांनी घेऊन जाव्यात. कोणासाठी हव्यात, हे आम्ही विचारणार नाही.

जय जिनेंद्र.