मोफत ॲप निवडताना

ताकद वाढते ती वजन किंवा रेप्स हळूहळू वाढवल्याने. त्यासाठी नोंद लागते: व्यायाम कोणता, किलो किती, सेट किती, रेप्स किती. रमजानमध्ये वजन कमी केलं असेल, तर ईदनंतर कुठून सुरुवात करायची हेही नोंदच सांगते.

एवढ्यासाठी ॲपला आपलं लोकेशन कशाला हवं? नमाजाच्या वेळा सांगणाऱ्या ‘मुस्लिम प्रो’मधून लोकेशनची माहिती एक्स-मोड या कंपनीकडे जात होती आणि तिच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते, हे २०२० मध्ये उघड झालं. मुस्लिम प्रोने मग तो व्यवहार थांबवला. ॲप मोफत मिळत होतं, हे लक्षात घ्या.

म्हणून मी तीन गोष्टी पाहते. खातं न उघडता ॲप चालतं का? लोकेशन आणि कॉन्टॅक्ट नाकारले तरी चालतं का? आपल्या नोंदी फाइल करून बाहेर काढता येतात का? अँड्रॉइडवरचं ‘फिटनोट्स’ या कसोटीला उतरतं. त्यात जाहिरातीही नाहीत.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. पण परवानगी मागणाऱ्या पडद्यावर ‘नाही’ आपल्यालाच दाबायचं आहे. आणि एकही ॲप पटलं नाही, तर वही-पेन आहेच.